खोताचीवाडी पोर्तुगीजांनी कुणाला वाटली नव्हती

गिरगाव चौपाटीपासून चालत काही मिनिटांवरच्या खोताचीवाडीबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. तो म्हणतो, ही घरं पोर्तुगीजांनी बांधली, धर्म बदललेल्यांना फुकट वाटली, इंग्रज गेल्यावर जमीन सरकारजमा झाली, म्हणूनच कुणाकडे सातबारा नाही. शिवाय आता हेरिटेज म्हटल्यावर उरलीसुरली मालकीही संपली. शेवटी सवाल: ‘मग एवढी मोक्याची जागा यांना कशाला?’ हा सवाल वाचून चीड येते, कारण त्याच्या आधीचं एकही विधान टिकत नाही.

‘पोर्तुगीजांनी बांधली.’ मुंबई बेट 1661च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं आणि 1665 मध्ये इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं. वाडी वसली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे शंभरावर वर्षांनी. छपरावरची मंगलोरी कौलं तर आणखी अलीकडची. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचा मंगळुरातला कौलांचा कारखाना 1865चा. बाहेरून चढणारा लाकडी जिना आणि पुढचा ओटा-व्हरांडा यांवरून मालकाचं नाव ठरवता येत नाही.

‘फुकट वाटली.’ उत्तर वाडीच्या नावातच आहे. जमीन एका पाठारे प्रभू खोताची होती, आणि त्याच्याकडून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, कुटुंबांनी तिचे तुकडे विकत घेतले. ही कुटुंबं इथलीच, घरात मराठी बोलणारी. पोर्तुगीज वळणाची आडनावं बाप्तिस्म्याबरोबर आली, माणसं लिस्बनहून आली नाहीत.

‘सातबारा नाही.’ बरोबर, नाही. पण मुंबई शहरात तो कुणाचाच नसतो! सातबारा शेतजमिनीचा, गाव नमुना सात आणि बारा. शहरात मिळकत पत्रिका असते. गिरगावातली एखादी पत्रिका काढून बघा: वर विभाग आणि सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन) क्रमांक, खाली चौरस मीटरमध्ये क्षेत्र, धारकांची नावं, वारस लागल्याच्या आणि खरेदीच्या नोंदी. सगळ्यांत बोलका रकाना भूधारणेचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरली आहे त्याचा. मुंबई शहराच्या पत्रिकांवर तिथे ‘पेन्शन अँड टॅक्स’ असं लिहिलेलं सापडतं. 1670च्या दशकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने बेटावरच्या जमीनधारकांशी तडजोड केली. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 20,000 झेराफिन (तेव्हाचं पोर्तुगीज नाणं) द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही, असं ठरलं. त्या धारणेची ही खूण. दुसरा प्रकार फोरासचा. समुद्रानं व्यापलेली खाजणं भरून काढणाऱ्यांच्या या जमिनींसाठी 1851 मध्ये वेगळा कायदाच झाला. पुढे 1865 ते 1872 या काळात लॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोजणीने शहराच्या जमिनी नकाशावर आल्या. इंग्रज गेले म्हणून या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत, आणि खासगी जमीन आपोआप सरकारची झाली नाही.

इथे मजकुरातला एक कण खरा मानायला हवा. मुंबईत ‘फझेंदारी’ नावाची पद्धत आहे. जमीन एकाची, त्यावरचं घर दुसऱ्याचं, आणि घरवाला पिढ्यान्‌पिढ्या भुईभाडं भरतो. शब्द पोर्तुगीज आहे. त्यामुळे जुन्या घराबद्दल विचारताना भुई कुणाची आणि घर कुणाचं, हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. आणि पत्रिकेवर नाव असलं तरी वाद झालाच तर खरेदीखत, मृत्युपत्र, वाटणीपत्र पाहावं लागतं. महसुली नोंद मालकी निर्माण करत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. पण हे मुंबईतल्या कुठल्याही चाळीला लागू आहे. एका वाडीलाच त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

हेरिटेजचं तर साधं आहे. यादीत नाव लागलं की बदल करायला परवानगी लागते. मालक बदलत नाही.

एकेकाळी वाडीत अशी सुमारे 65 घरं होती असं सांगतात. आता त्याच्या निम्मीही नाहीत. गेलेल्यांतल्या काहींच्या जागी उंच इमारती आल्या. त्या उठवणाऱ्यांनी जागा कुणाकडून घेतली, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा नोंदणी कार्यालयात जाऊन बघावं.