फुलांची यादी द्यायला काय जातं?

लग्नाच्या फुलांचा भाव विचारला की डेकोरेटर सरळ उत्तर देतच नाहीत, याचा आता खरंच संताप येतो. "पॅकेजच घ्या ना ताई." अहो, पण पॅकेजमध्ये काय? निशिगंध किती किलो, डच गुलाबाच्या जुड्या किती, हे कागदावर का नाही लिहून देत? मोबाईलवर नुसते फोटो सरकवत बसतात, तेही भलत्याच कुणाच्या मंडपाचे. मावसबहिणीच्या लग्नात पुढे तेवढी ताजी शेवंती आणि मागे सगळी कापडी फुलं! पाकळ्यांवर आधीच्या कार्यांची धूळ तशीच, एकीवर तर अक्षता चिकटलेल्या. पैसे मात्र ताज्या फुलांचे घेतले.

मुहूर्ताला भाव चढतात, पावसात माल भिजतो, सगळं मान्य. मग बदली फूल कुठलं, ते आधी ठरवा ना! दादर स्टेशनाबाहेरच्या फुलबाजारात पहाटे गेलं तर मोगरा ओंजळीत घेऊन बघता येतो, भाव तोंडावर कळतो. पटलं तर घ्या. आणि हे लाखाच्या गोष्टी करणारे साधी यादी देत नाहीत! हार, वेण्या, गजरे मी दादरहूनच आणणार. मंडपवाल्याला फुलांची नावं लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्सचा एक रुपया मिळणार नाही.