हल्लेखोराला सगळं माफ

सोसायटीचा वॉचमन आणि बुद्धिबळात बचाव खेळणारा माणूस, दोघांचं नशीब सारखंच. चोर आला नाही त्या रात्री कुणी मोजत नाही. एक आला की अख्खी सोसायटी जाब विचारायला खाली उतरते.

डोंबिवलीत एका वाचनालयाच्या माडीवर आमचं मंडळ भरतं. तिथे माझी गाठ हमखास अण्णांशी पडते. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना तारणाशिवाय कुणाला दमडी दिली नाही, त्याची भरपाई आता पटावर मोहरे वाटून चालते.

परवा माझा किल्लेकोट झाला, म्हणजे राजा हत्तीच्या आड कोपऱ्याकडे गेला, मी चहाचा कप उचलला, तेवढ्यात अण्णांनी डी३ या घरातला उंट उचलून एच७ वरच्या, माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर असा आपटला की शेजारच्या पटावरचा राजा आडवा झाला. ‘शह!’ स्पर्धेच्या डावात शह तोंडाने म्हणायची गरज नसते. अण्णांना असते.

हा बळी, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम दिलेला मोहरा, फार जुना. सतराव्या शतकात ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूने तो लिहून ठेवलाय. राजाने उंट मारायचा, घोड्याने जी५ वरून पुन्हा शह द्यायचा, वजीर एच५ वर आणायचा आणि एच७ वर मात. फक्त एक अट: समोरच्याकडे एच७ राखायला मोहरा नसावा. माझ्याकडे होता. राजा जी८ वर परत आला, त्यांचा वजीर एच५ वर आला आणि माझा सी८ वरचा उंट निमूटपणे एफ५ वर जाऊन बसला. एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा उंट! असं कर्ज अण्णांनी बँकेत असताना मंजूर केलं असतं का?

हे मला दिसत होतं, बहुधा अण्णांनाही. भोवती जमलेल्यांना मात्र अजिबात दिसत नव्हतं.

‘वा अण्णा! काय उंट दिलाय!’

‘जिगर लागते हो.’

एकाने तर हळहळत माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचा दीड तास काय भोगलं ते माझं मला माहीत. अण्णांनी प्यादं जी४ वर ढकललं, मी उंट जी६ वर घेतला, वजीर हटला, एच-पट्टीतलं प्यादं धावत सुटलं. त्यांची चाल पाच सेकंदांत व्हायची, कारण पुढे काहीतरी ढकलायचं एवढंच त्यांचं काम. माझी दहा मिनिटं जायची. हल्ल्यात चाल चुकली तर हल्ला जरा लांबतो. बचावात चुकली तर पट गुंडाळून घरी. घोड्याला बोट लावून मागे घेतलं तरी खैर नाही, शिवलं की खेळावं लागतं. म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो.

मोठ्यांचंही तेच. १९६० साली विश्वविजेता झालेल्या मिखाईल तालच्या कित्येक बळींमध्ये मागाहून खोट सापडली, पण लोक त्याला जादूगारच म्हणतात. बचावासाठीच नावाजलेल्या पेट्रोस्यानला पटावर हरवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तरी १९५६ च्या ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत त्याने ब्रॉन्स्टाइनच्या घोड्यासमोर वजीर तसाच ठेवला, आणि ते आजही चघळलं जातं. २००६ मध्ये बॉनला विश्वविजेत्या क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी संगणकाशी झकास झुंज दिली आणि भर डावात एका चालीची मात पाहिली नाही. मात कुठे? एच७ वरच! त्या डावातल्या आधीच्या चांगल्या चाली कुणाला आठवतात?

शेवटी वजिराला वजीर गेला आणि प्रेक्षक पांगले. कुणी वडापावाकडे, कुणी दुसऱ्या पटाकडे. घड्याळात माझी चार मिनिटं उरलेली. त्यांत उंट जास्त असलेलं अंतपर्व मी चुपचाप सांभाळलं, ते बघायला फक्त छताचा पंखा होता. अण्णांनी हसत हात पुढे केला, डाव सोडला, आणि गर्दी परत जमली. चिकित्सा करायला.

‘इथे हत्ती एच-पट्टीत आणला असता तर मेलेच होते हे!’

‘तर मी राजा एफ८ वर—’

‘थांबा हो, आधी अण्णांचं बघू द्या.’

तासभर अण्णांचा हल्ला नऊ वेगवेगळ्या प्रकारे जिंकून झाला. पाचवीतला एक पोरगा वहीत लिहून घेत होता: उंट एच७. पुढच्या रविवारी तो माझ्याच समोर बसणार, हे मला तेव्हाच कळलं.

निघताना निकालाच्या तक्त्याकडे पाहिलं तर अण्णांच्या नावापुढे एक, माझ्या नावापुढे शून्य. पंचांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘म्हणजे तुम्ही जिंकलात?’

‘हो.’

‘अरेरे,’ ते म्हणाले आणि खोडरबर शोधू लागले. ‘इतका सुंदर डाव होता अण्णांचा.’