दबाव हवा, पण कुणावर?

आर्थिक निर्बंध आणखी आवळले की इराणमधली धर्मसत्ता कोसळेल, असं सांगणारा एक लेख वाचला; तो मुद्दा मला पटत नाही. २०१८ मध्ये अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले. औषधांना कागदोपत्री सूट होती, पण बँका व्यवहारालाच घाबरत, म्हणून कर्करोगाच्या रुग्णांची औषधं अडली. सत्ताधाऱ्यांचं काय बिघडलं?

खरं धाडस तिथल्या बायकांनी दाखवलं. डिसेंबर २०१७ मध्ये तेहरानच्या एन्घेलाब रस्त्यावर एक तरुणी विजेच्या पेटीवर चढली, हिजाबच्या सक्तीविरुद्ध डोक्यावरचा पांढरा रुमाल काठीला बांधला आणि नुसती उभी राहिली. घोषणा नाही, दगड नाही. तिला अटक झाली, तर इतर जणी तशाच उभ्या राहू लागल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, आणि मग सगळा देश पेटला. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदींना २०२३ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या एविन तुरुंगात होत्या; ऑस्लोत त्यांच्या जुळ्या मुलांनी पारितोषिक स्वीकारलं.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगातून इराणला काढलं, तसा दबाव मला योग्य वाटतो. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.