झ्यूस अल्बेनियन नाही

‘अल्बेनियन ही युरोपातली सर्वांत जुनी भाषा. हजारो वर्षांत ती जराही बदलली नाही आणि ग्रीक देवांची नावं तिच्यातूनच निघाली’, असं सांगणारा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. भाषाशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीनंही ‘मामा, हे खरंय का?’ म्हणून तो पाठवला, तेव्हा मात्र राहवेना.

आधी झ्यूस. अल्बेनियनमध्ये ‘झ’ म्हणजे आवाज, म्हणून गडगडणारा तो झ्यूस, असं म्हणे! अहो, हे ‘झ’ दक्षिणेकडच्या तोस्क बोलीतलं. उत्तरेकडच्या गेग बोलीत तोच शब्द नाकातून उच्चारतात, ‘झां’, आणि पुढे प्रत्यय लागला की ‘झानी’ होतो. म्हणजे मुळात त्यात ‘न’ होता. झ्यूसमध्ये तो कुठे आहे? उलट ‘झ्यूसचा’ म्हणायला ग्रीकमध्ये ‘दिओस’ म्हणतात, कारण मूळ धातू ‘द्यु’चा. ऋग्वेदातला द्यौष्पिता आणि रोमनांचा ज्युपिटर ही त्याचीच भावंडं. मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये लिनिअर बी ही सर्वांत जुनी ग्रीक लिहिण्याची लिपी उलगडली. त्या लिपीतल्या तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या मातीच्या पाट्यांवर ‘झ्यूसला’ या अर्थी चक्क ‘दि-वे’ लिहिलंय. एवढा पुरावा समोर असताना ‘झ’ आणायचा कुठून?

अथेना म्हणजे ‘ए थना’, ‘बोललेली’, हेही तसलंच. प्राचीन ग्रीकांचा थ आपल्या थ सारखा, त आणि ह मिळून झालेला. अल्बेनियन थ दातांमधून हवा सोडून काढतात, आणि तो जुन्या तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेल्या, क पासून घडलाय. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, एवढंच.

‘न बदललेली’? अल्बेनियनमध्ये येताना लॅटिन ‘अमिकुस’चा, म्हणजे मित्राचा, ‘मिक’ झाला, ‘इम्पेरातोर’चा, म्हणजे सम्राटाचा, ‘म्ब्रेत’. ‘अरेना’, म्हणजे वाळू, गेगमध्ये ‘रान’ आणि तोस्कमध्ये ‘रर’. शुद्धतेबद्दल तर बोलूच नये. भाषाशास्त्रज्ञ गुस्ताव मायरच्या १८९१ च्या अल्बेनियन व्युत्पत्तिकोशात पाच हजारांवर शब्द आहेत आणि त्यातले वारशानं आलेले जेमतेम चारशे. पुढे अल्बेनियन भाषाशास्त्रज्ञ एक्रेम चाबेय यांनी त्यात भर घातली, पण उसने शब्द काही नाहीसे झाले नाहीत.

आता एक गोष्ट कबूल करावी लागेल. अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपनं १८५४ मध्येच दाखवलं. तिचं लेखन १४६२ पासूनच सापडत असलं तरी तिचे पूर्वज त्याआधी कितीतरी शतकं प्राचीन ग्रीकांच्या शेजारी होते. ‘मोकर’, म्हणजे जात्याचा दगड, हा शब्द डोरिक या प्राचीन ग्रीक बोलीतल्या ‘माखना’वरून आलाय. आ चा ओ झाला, न चा र झाला. शब्द ग्रीकांनी दिला आणि अल्बेनियननं घेतला.