ओळखपत्र हवं, सही नको

काल संध्याकाळी एक सद्गृहस्थ, वस्तीच्या सुरक्षेसाठी चालवलेल्या आमच्या ट्रस्टच्या विश्वस्तपदाचं संमतीपत्र हातात धरून मला विचारतात, "ओळखपत्र मिळेल ना? त्यावर पोलिसांचा शिक्का असतो का?"

दोन महिने. दोन महिने मी या माणसाच्या मागे होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, वेळ हाताशी, वस्तीत मान, बोलणं नेमकं. चार वेळा घरी जाऊन आले. सभेत ठराव झाला, टाळ्या झाल्या. उरली होती एक सही. काल ती घ्यायला गेले, तर त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मला बरं वाटलं, निदान वाचतोय तरी. आणि मग हा प्रश्न. मी म्हटलं, काका, आपला नोंदणीकृत ट्रस्ट आहे, आपण पोलीस नाही. शिक्का कसा असेल? तर म्हणाले, "मग गाडीच्या काचेवर लावायला काही स्टिकर वगैरे?"

तेही नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, सह्या कुठे कुठे लागतील. मी खरं ते सांगितलं. संमतीपत्रावर, प्रतिज्ञापत्रावर, दरवर्षी हिशेबावर. "म्हणजे उद्या काही झालं तर मी अडकणार?" मी म्हटलं, पैशाचा गैरवापर झाला आणि तुम्ही डोळे मिटून बसलात तर हो, विश्वस्त म्हणून जाब द्यावा लागेल. सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यात कलम ४१ड आहे, त्याखाली विश्वस्ताला काढूनही टाकता येतं. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "असं करा, मला सल्लागार म्हणून घ्या. फलकावर नाव वरती टाका."

सल्लागार! आमच्याकडे अकरा सल्लागार आहेत. अकरा! गेल्या वर्षी रात्री साडेअकराला एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या दाराशी दोन अनोळखी माणसं कुलूप चाचपत होती, तेव्हा मी त्यांतल्या सहा जणांना फोन लावला होता. एकानेही उचलला नाही. सकाळी मात्र तिघांनी मला सल्ला दिला.

जिने उतरताना माझे हात थरथरत होते, रागाने. कारण इथे मान-अपमानाचा प्रश्नच नाही, दिवस संपत आलेत. आमचे एक विश्वस्त वारले, दुसरे मुलीकडे कायमचे राहायला गेले. बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाच्या नोंदीचा अर्ज, दाखल करायचा असतो, त्याच कायद्याचं कलम २२. एकसष्ट दिवस गेले. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या ट्रस्टच्या नोंदीत, सात नावं, त्यांतले पाच उरलोत, आणि आमच्या घटनेत गणपूर्ती पाचाची. म्हणजे एकाला ताप आला की सभा तहकूब. जे वारले ते बँकेत सही करणारे होते. बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, नवीन विश्वस्ताच्या नोंदीचा आदेश आणा, मग सही बदलू. आदेश यायला अर्ज हवा, अर्जाला नवा विश्वस्त हवा, नव्या विश्वस्ताला स्टिकर हवा! तोवर गल्लीच्या तोंडावरचे दोन कॅमेरे बंद पडलेत आणि दुरुस्तीवाल्याचा चेक माझ्या कपाटात एका सहीवाचून पडून आहे.

आणि वस्तीच्या ग्रुपवर काय चाललंय? परवा एक दुचाकी चोरीला गेली. पाच मिनिटांत चाळीस मेसेज. "ट्रस्ट झोपलाय का?" "कॅमेरे शोभेला लावलेत का?" "जबाबदारी कोणाची?" मी त्याखाली लिहिलं, विश्वस्तांच्या दोन जागा रिकाम्या आहेत, ज्याला कळकळ आहे त्याने आज रात्रीपर्यंत मला फोन करावा. अडतीस नमस्कार आले, हात जोडलेले, पिवळे. फोन एकही नाही. आणि एक मेसेज, जो वाचला की माझं डोकंच फिरतं: "ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सगळं चाललंय." हे वाक्य कौतुक नाही. हे वाक्य म्हणजे दार लावून घेणं आहे. तू कर, मी आत बसतो, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून हे घे.

त्याच ग्रुपवरच्या एका निवृत्त शिक्षकांना तोतया पोलिसांनी दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं, "डिजिटल अटक" म्हणे. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही, पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन गेला असता तर पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आला असता. आम्ही या नंबरचे कागद चिकटवले होते. कागद चिकटवून होत नाही. घरोघर जाऊन, बसून, त्यांच्या फोनमध्ये तो नंबर साठवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी माणसं लागतात. पाच जणांत किती घरं होणार? सरांनी पोलिसांत तक्रार दिली तीही तिसऱ्या दिवशी, लाजेने. ते आता ग्रुपवर काही लिहीत नाहीत. मला त्यांच्या खिडकीकडे बघवत नाही.

बरं, जे स्वतःहून येतात ते कसे येतात तेही सांगते. एक जण आला, उत्साह असा की पहिल्याच दिवशी सगळ्या चौकांचा नकाशा काढून आणला. नंतर कळलं, मेहुण्याचा कॅमेऱ्यांचा धंदा. मी म्हटलं, विश्वस्त व्हा, पण मग आपल्या ट्रस्टचं काम मेहुण्याला नाही, आणि तसं लेखी द्या. पुन्हा दिसला नाही. दुसऱ्याला निवडणूक लढवायची होती, त्याला प्रत्येक फलकावर स्वतःचा फोटो हवा होता, तोही पोलीस निरीक्षकांच्या फोटोएवढा. तिसऱ्याने मानधन विचारलं. त्याचा मला राग नाही, त्याने निदान सरळ विचारलं.

पण चारित्र्य पडताळणी म्हटलं की जो थयथयाट होतो ना! "माझ्यावर संशय? मी इथे तीस वर्षं राहतोय!" अहो, आपल्या कपाटात कसली यादी आहे माहीत आहे का? कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाची किल्ली शेजारी कोणाकडे असते, कोणती मुलं शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत बाहेर असतात. ही यादी चोराच्या हाती पडली तर त्याला दुसरं काही शोधायचीच गरज नाही. ती ज्याच्या हाती जाणार, त्याला दोन प्रश्न विचारायचे नाहीत? मीही दिली पडताळणी, पोलीस ठाण्यात रांगेत उभी राहून. माझी अब्रू गेली नाही.

आमच्या मंडळातले ज्येष्ठ दर वेळी म्हणतात, कोणीतरी वजनदार माणूस आणा. वजनदार! भिवंडीचं उदाहरण मी त्यांना इतक्यांदा दिलंय की आता मी "भि" म्हटलं की ते घड्याळाकडे बघतात. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत नेहमीचे पुढारी नव्हते, गल्लीतली साधी दोन्हीकडची माणसं होती, जी महिन्या-महिन्याला एकमेकांसमोर बसत होती. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ही माणसं वजनदार होती म्हणून नाही, हजर होती म्हणून. हे मी घसा कोरडा करून सांगते आणि मग सभा संपताना ठराव होतो: एखाद्या माजी अधिकाऱ्याला विचारावं. विचारलं ना. काल विचारलं. स्टिकर मागितला त्याने.

आणि बायका. वस्तीत कोण नवीन आलंय, कुठल्या पोराची संगत बिघडली, कोणत्या घरातून रात्री रडण्याचा आवाज येतो, हे सगळं ज्यांना माहीत असतं त्यांतल्या तिघींना मी विचारलं. तिघी म्हणाल्या, घरी विचारून सांगते. दोघींच्या घरून नाही आलं. तिसरीचा नवरा मला म्हणाला, "पोलिसांशी संबंध येतो ना, आमच्या घरच्या बाईने कशाला?" हाच गृहस्थ दुचाकी गेली तेव्हा सगळ्यांत आधी ओरडला होता.

मात्र जिने उतरताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि मी दुसऱ्या मजल्यावर थांबलेच. काकांना चार वेळा भेटले त्यांतल्या पहिल्या भेटीत मी काय म्हटलं होतं? "तुमचं फक्त नाव द्या, काम काही फार नाही, महिन्यात एक तास." मीच. नऊ वर्षं मी प्रत्येकाला हेच सांगत आलेय, पळून जाऊ नये म्हणून. काम फार आहे. सह्या आहेत, जबाबदारी आहे, आयकराची कागदपत्रं आहेत, रात्रीचे फोन आहेत. फक्त नाव द्या म्हटल्यावर फक्त नावाची भूक असलेलेच येणार. हे माझं चुकलं, आणि त्याबद्दल मला काकांपेक्षा माझाच जास्त राग आला.

म्हणून घरी येऊन पहिला फोन मी त्या मुलाला लावला, जो दोन वर्षांपूर्वी तीन सभांना आला होता. चोवीस-पंचविशीचा, मागे बसायचा. तिसऱ्या सभेत त्याने विचारलं होतं की आपण कॅमेऱ्यांवर एवढा खर्च करतो आणि बोळातला दिवा दोन महिने बंद का? आमचे खजिनदार म्हणाले होते, "तू आधी अनुभव घे." मी शेजारीच बसले होते. बोलले नाही. तो परत आला नाही, का येईल?

काल त्याला सगळं सांगितलं, एक तास वगैरे काही नाही, महिन्यात दहा तास आणि सही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आधी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट पाठवा. वाचतो, मग सांगतो."

नऊ वर्षांत हे विचारणारा पहिलाच. मी रात्रीच स्कॅन करून पाठवले. आज सकाळी खजिनदारांचा फोन, चिडलेले: त्याला कशाला दाखवायचे, तो अजून विश्वस्त तरी आहे का? मी म्हटलं, सार्वजनिक ट्रस्टचे हिशेब आहेत, तुमच्या घरचे नाहीत. त्यांनी फोन ठेवला. एकोणतीस दिवस उरलेत आणि संमतीपत्राची कोरी प्रत माझ्या पिशवीत आहे.