पंख्याखालची खुर्ची

आमच्या घरातला राखाडी मोज्यांचा एक जोड शिमग्यापासून सापडत नव्हता. आईचा संशय गच्चीवरच्या वाऱ्यावर, बायकोचा माझ्या वेंधळेपणावर. मोजे कुठे आहेत हे फक्त मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर तिथे का आहेत हे सांगावं लागलं असतं, आणि मग विषय ‘हे सगळं केवढ्याला पडलं’ इथपर्यंत गेला असता. म्हणून मीही सगळ्यांबरोबर मोजे शोधत होतो.

खोली आमची १० बाय १२. गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या पुरानंतर आम्ही पाचशे रुपयांच्या वरची कुठलीही वस्तू खाली ठेवत नाही. खोलीत मागच्या भिंतीला आईची कॉट, समोरच्या भिंतीला स्पीकर, आणि मधोमध माझी वेताची खुर्ची. मधोमध, कारण पंखा मधोमध. सांगलीत एप्रिल महिन्यात माणूस खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवत नाही. स्लॅब टाकताना ज्यानं पंख्याचा हूक बसवला, त्यानं ते ठरवलेलं असतं.

स्पीकर पुण्याच्या मावसभावाकडून आले. त्याला मोठे घ्यायचे होते म्हणून लहान त्यानं मला दिले, आणि भावाभावांत होतं तसं, रोख घेऊन दिले. सोबत एक कागद. संवेदनशीलता ८४ डेसिबल, रोध ४ ओहम, खाली ४५ पर्यंत जातो. शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं वाचलं असणार. आई कॉटवरून म्हणाली, “४५? आयर्विनला का? अगं बाई, धोका पातळी की रे!”

सांगलीकराला ४० आणि ४५ हे आकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी चढलेल्या पाण्याच्या फुटांतच कळतात. हर्ट्झ, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती कंपनं, वगैरे नंतर.

आता या स्पीकरना जोडायला माझ्याकडे जुना, २० वॅटचा अँप्लिफायर होता. दिसायला देखणा, लाकडी बाजूंचा. पाठीवर बारीक अक्षरांत ‘८ ते १६ ओहम’ लिहिलेलं, जे मी स्पीकर जोडल्यावर तीन आठवड्यांनी वाचलं. तोवर आमच्या मांजरीला मात्र ही गोष्ट कळली होती. ती रोज संध्याकाळी अँप्लिफायरच्या जाळीवर पोट टेकून झोपायला लागली. जाळीच्या फटींत तिचे केस, केसांत धूळ, आणि आतून येणारा तो तापलेल्या वार्निशचा वास. तिहाई रंगत आली, आता सम येणार, की टक्. शांतता. यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडायचं. सम ऐकायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागे.

वाळव्याहून मामा आले होते. त्यांनी अँप्लिफायरला हात लावला, चटकन मागे घेतला आणि म्हणाले, “मोटार लोड घ्याय लागलीय.”

मी त्यांना ओहमचं सांगायला लागलो. ते ऐकूनच घेईनात. “हे बघ. साठ फूट हेडची मोटार हाय. ती वड्याला वीस फुटावर बसवली. काय हुईल?”

“पाणी जास्त येईल.”

“भसाभसा येतंय! मानूस खूश. पर अडवायला कोन न्हाई म्हटल्यावर मोटार अँपिअर किती वढती? आन जळती. मग वाइंडिंगवाल्याकडं पळायचं. तुझा आठ ओहम म्हंजी साठ फूट, आन चार ओहम म्हंजी वडा.”

इंटरनेटवर मी आठ दिवस जे वाचत होतो, ते एवढंच होतं. रोध निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट जातो, आणि यंत्राला तो झेपत नसेल तर त्याची उष्णता होते. मामांनी ते उसाच्या रानात शिकून घेतलं होतं, तीन मोटारी जाळून.

मग मी १०० वॅटचा, चार ओहमला घाबरत नाही असं लेखी देणारा अँप्लिफायर घेतला. किंमत इथे लिहीत नाही. तो बसवायला गल्लीतला डॉल्बीवाला पोरगा बोलावला, कारण तारांची टोकं सोलायला त्याच्याइतका सफाईदार हात कुणाचा नाही. त्यानं माझ्या स्पीकरकडे बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं, की खरे स्पीकर मागे ठेवलेत का.

“साडेपाच इंची?” तो म्हणाला. “दादा, डबल अठरा टाका. आमची भिंत हाय मोकळी, गणपतीपर्यंत.”

ही मंडळी इंचात बोलतात. आमच्या लहानपणी वॅटात बोलायचे. सहा सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं चकाकतं स्टिकर असायचं. एवढी वीज खरंच निघत असती तर तो टेपरेकॉर्डर मामांच्या विहिरीवर बसवला असता.

१०० वॅटानं आवाज पाचपट होईल अशी माझी भाबडी समजूत. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. वीसचे शंभर केले तर सात. आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला लागतात दहा. म्हणजे इतके पैसे घालून दुप्पटसुद्धा नाही. त्यात सहा फुटांवर बसून मी ऐकतो तेवढ्या आवाजाला एखादा वॅट पुरतो. बाकीचे ९९ तबल्याच्या एखाद्या खणखणीत थापेची वाट बघत बसून असतात, लग्नाच्या मांडवातल्या चुलत्यांसारखे.

तेही चाललं असतं. पण डग्गा कुठे होता?

तबल्याची चाट नखासारखी स्वच्छ. गायकानं श्वास घेतलेला कळायचा. डग्ग्याचा घुमारा तेवढा गायब. जुन्या यंत्रावर नव्हता, नव्यावरही नव्हता. सुरुवातीला मी दोष खाँसाहेबांना दिला, म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांना. पण ते १९३७ साली गेले, आणि तेव्हाच्या यंत्रांना खालचे सूर धड पकडताच येत नव्हते. त्या तबकड्या चांगल्या स्पीकरवर लावल्या तर खरखर तेवढी अधिक सुरेल ऐकू येते. म्हणून अलीकडच्या मैफिली लावल्या, पखवाज लावला. डग्गा नाहीच.

आणि इकडे आईची तक्रार उलटीच. “किती ती धडधड! कॉट हादरते माझी. बारीक कर की जरा.”

मी आवाज वाढवायचो कारण मला काही ऐकू येत नव्हतं, आणि आई ओरडायची कारण तिला सगळं ऐकू येत होतं. वय बघता हे उलट असायला हवं होतं. मी गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. कान ठणठणीत.

मोजे याच काळातले. स्पीकरच्या पाठीला एक भोक असतं. आतला खालचा, घुमणारा आवाज तिथून बाहेर पडतो आणि मागे भिंत असेल तर फुगतो. त्यात बोळा कोंबला की धडधड कमी होते, असं वाचलं होतं. आईसाठी मी एकेक मोजा कोंबला. आईची धडधड जराशी कमी झाली. माझा डग्गा होता तिथेच, म्हणजे नव्हताच.

शेवटी मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या एका चाचांना मी खाऊ-चहाला म्हणून बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना त्यांना मी तासभर बघितलंय. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मग एकदम तार बोलायला लागते. त्यांनी भडंगाची बशी हातात घेतली, पण खुर्चीत बसेनात. मैफल सुरू, आणि हे खोलीभर फिरताहेत. कोपऱ्यात थांबले. दाराशी थांबले. आईच्या कॉटला टेकले आणि मान डोलावली. मग माझ्या खुर्चीशी आले, वाकले, डोकं बरोबर माझ्या डोक्याच्या जागी आणलं, आणि भडंग चावायचे थांबले.

“इथं मेलंय,” ते म्हणाले. “डग्गा चांगला आहे. ही जागा बहिरी आहे.”

हिशेब मी नंतर केला. बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकतो. त्याची लाट २४ फुटी, खोलीच्या दुप्पट. दोन्ही भिंतींशी तिचा दाब सगळ्यात जास्त आणि बरोबर मधोमध जवळजवळ काहीच नाही. मागच्या भिंतीला आई. मधोमध मी. अँप्लिफायर कुठलाही आणला असता, पाचशे वॅटचा आणला असता, तरी त्या खुर्चीत तेच झालं असतं आणि आई कॉटवरून पडली असती.

“खुर्ची दीड-दोन फूट मागं घ्या,” चाचा म्हणाले. “आणि पेट्या भिंतीपासून सोडवा. कोंडल्यात बिचाऱ्या.” मी हो-हो म्हणेपर्यंत त्यांनी उजवा स्पीकर उचलून फिरवलासुद्धा. पाठ आईकडे. भोकातून राखाडी टाच डोकावत होती. चाचांनी दोन बोटांत धरून ती ओढली, आणि मोजा निघत गेला, निघत गेला, आख्खा निघाला.

खोलीत फक्त पखवाज चालू होता.

“दुसरा?” आईनं विचारलं.

मी डावीकडे बोट दाखवलं.

खुर्ची आता आईच्या कॉटला टेकलेली असते. डग्गा येतो, छातीत येतो. पंख्याचा वारा मात्र माझ्या गुडघ्यांपर्यंतच पोचतो, आणि मी घामानं निथळत समेची वाट बघतो. परवा मागून आईनं शेवटी विचारलंच, हे सगळं केवढ्याला पडलं. मी खऱ्या आकड्याला तीननं भागून सांगितला.

“एवढ्यात चार पंखे आले असते,” आई म्हणाली.