टाशा घेतलं की झॅनाथार लागत नाही? अजिबात पटत नाही

ठाणे-नवी मुंबईच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून आणि गोष्ट रचत खेळायचा गेम) ग्रुप्समध्ये एक मेसेज फिरतोय, नवीन कोणी आलं की लगेच त्याला पाठवतात. म्हणणं असं की या गेमची दोन जास्तीच्या नियमांची पुस्तकं, झॅनाथार्स गाइड 2017 चं, टाशाज कॉल्ड्रन 2020 चं, दोन्ही 192 पानी, जुन्यातलं सगळं नव्यात सुधारून आलंय, तर टाशाच घ्या. शिवाय झॅनाथारचे सबक्लास (योद्धा, जादूगार अशा प्रत्येक क्लासमधले खास प्रकार) कमजोर. आणि 2024 चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे मूळ नियमांचं नवं पुस्तक, आल्यावर झॅनाथार म्हणजे रद्दी. बाहेरून येणारी हार्डकव्हर स्वस्त नसतात हो, कॉलेजची पोरं वर्गणी काढून एखादंच घेतात, त्यांना असं काहीतरी सांगणं बरोबर नाही.

"सगळं सुधारून आलंय" हे तर सरळ चूक आहे. टाशामध्ये जुने सबक्लास परत छापलेत हे खरं, ब्लेडसिंगर आहे, सर्कल ऑफ स्पोअर्स आहे, एलोक्वन्सवाला बार्ड आहे, पण ते दुसऱ्या पुस्तकांतून घेतलेत, झॅनाथारमधला त्यात एकही नाही. सामुराई, स्वॉशबकलर, हेक्सब्लेड कोणाला खेळायचा असेल तर टाशा कितीही चाळा, मिळणार नाही.

आणि सबक्लास सोडा, डीएमच्या (गेम चालवणाऱ्याच्या) कामाचं जे आहे ते बघा. झॅनाथारमध्ये जंगल, किनारा, दलदल, डोंगर, शहर असे भूभाग आणि पार्टीची (खेळाडूंच्या टोळीची) लेव्हल धरून रँडम एन्काउंटरची टेबलं आहेत. आमच्या डीएमने येऊरसारखं एक जंगल रचलंय, पार्टी वाट सोडून भलतीकडे शिरली की तो सरळ टेबल उघडून डाइस टाकतो, पाच मिनिटांत समोर काहीतरी उभं असतं. इनिशिएटिव्हवर (लढाईतल्या पाळीच्या क्रमावर) चालणारे मोठे ट्रॅप आहेत, दोन मोहिमांच्या मधल्या वेळेत जुगार, चोरी, संशोधन, औषध बनवणं याचे नियम आहेत, चिलखत घालून झोपलं तर काय होतं तेही आहे. टाशामध्ये यातलं काही नाही, तिथे साइडकिक (पार्टीसोबतचे साधे सोबती) आहेत, ग्रुप पेट्रन (पार्टीचे आश्रयदाते) आहेत, सेशन झीरो (खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक) कसा घ्यायचा ते आहे, कोडी आहेत, म्हणजे विषयच वेगळे.

सगळ्यात चांगलं उदाहरण स्वयंपाकाचं. आमच्या टेबलावर एकीचा हाफलिंग आचारी आहे, दर शॉर्ट रेस्टला (गेममधल्या छोट्या विश्रांतीला) ती "पिठलं टाकते" म्हणून जाहीर करते आणि सगळे खूश. झॅनाथारप्रमाणे कुक्स युटेन्सिल्सची (स्वयंपाकाच्या भांड्यांची) प्रोफिशिएन्सी म्हणजे कौशल्य, भांडी आणि पुरेसं सामान असलं की बास, स्वतः आणि आणखी पाच जण जेवढे हिट डाइस (विश्रांतीत बरं व्हायला वापरायचे डाइस) खर्च करतील तेवढे एकेक हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजायचे पॉइंट) जास्त मिळतात. टाशामध्ये हीच गोष्ट शेफ नावाचा फीट (मोजकीच मिळणारी खास क्षमता) म्हणून येते, हिट डाइस खर्च करणाऱ्याला जास्तीचा 1d8 (आठ बाजूंच्या डाइसवर पडेल तेवढे पॉइंट) मिळतो, वर कॉन्स्टिट्यूशन (दम) नाहीतर विजडम (समज) एकने वाढतं, पण त्यासाठी फीट खर्ची घालावा लागतो. फायदा शेफमध्ये जास्त आहे, नाही कशाला म्हणू, पण झॅनाथारने आचाऱ्याची साधी भांडीसुद्धा पहिल्या लेव्हलपासून कामाला लावली आणि असंच एकेक टूल घेऊन प्रत्येकाचं लिहिलंय. मला तरी हे जास्त आवडतं, कारण कॅरेक्टर शीटवर टूलची नावं नुसती लिहिलेली असायची, कोणी वापरायचंच नाही.

कमजोर म्हणाल तर हेक्सब्लेड वॉरलॉक 2024 च्या आधीच्या नियमांत पहिल्याच लेव्हलला ताकदीऐवजी करिश्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या गुणावर) तलवार चालवतो, कितीतरी पॅलाडिन तेवढ्यासाठी एक लेव्हल वॉरलॉकची घेतात. झॅनाथारमधला हीलिंग स्पिरिट हा बरं करणारा स्पेल (मंत्र) तर इतका भारी होता की प्रकाशकांना नंतर दुरुस्ती काढून त्याने किती वेळा बरं करता येईल यावर मर्यादा घालावी लागली. हा, टाशाचा ट्वायलाइट क्लेरिक (क्लेरिक म्हणजे पुजारी) याच्याही वरचा आहे, त्याच्या भोवतालच्या 30 फुटांत टर्न (आपली पाळी) संपवणाऱ्याला 1d6 (सहा बाजूंचा डाइस) अधिक क्लेरिकची लेव्हल एवढे टेंपररी हिट पॉइंट, म्हणजे पाचव्या लेव्हलला 6 ते 11, तेही मिनिटभर दर राउंडला! नवीन डीएमला हे सांभाळणं फार जड जातं, तो बिचारा मॉन्स्टर वाढवत बसतो आणि बाकीच्या खेळाडूंचा चुराडा होतो. ताकद जास्त म्हणून पुस्तक चांगलं, हे मला मान्यच नाही.

आता 2024 चं. त्या हँडबुकमध्ये दोन्हीकडचं घेतलंय, झॅनाथारचा ग्लूम स्टॉकर आहे, झेलट आहे, टूल आणि स्किल दोन्हीची प्रोफिशिएन्सी असेल तर अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा) ही कल्पनाही झॅनाथारचीच. पण टाशातलं त्यात किती आलंय बघा: सोलनाइफ, साय वॉरिअर, अ‍ॅबरंट माइंड, क्लॉकवर्क सोल हे सबक्लास, रोग (Rogue, चोरासारखा क्लास) याचं स्टेडी एम, बरेचसे समन (मदतीला कोणीतरी बोलवायचे) स्पेल, आणि तो शेफ फीटसुद्धा. म्हणजे ज्याच्याकडे 2024 चं हँडबुक आहे त्याला टाशातलं बरंच घरबसल्या मिळालेलं आहे, आणि मेसेज नेमकं तेच परत विकत घ्या म्हणतोय! जुना सबक्लास नव्या नियमांत खेळायचा तर तो तिसऱ्या लेव्हलला घ्या, एवढं केलं की झॅनाथारचा सामुराई आजही चालतो.

अगदी नव्यांनी आधी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (कोणालाही वापरता येईल अशा लायसन्सखाली) फुकट असलेल्या एसआरडीवर, म्हणजे मूळ नियमांच्या संचावर, दोन-चार सेशन खेळा. मग एकच पुस्तक परवडत असेल तर झॅनाथार घ्या आणि ते डीएमकडे ठेवा. टाशा नंतर, आणि माणसं कमी जमत असतील तर साइडकिकसाठी जरूर, मेगाब्लॉकच्या रविवारी डोंबिवलीवाले दोघं अडकले तरी आमचा गेम त्यावरच चालतो.